रोकियाची पावलं

केंद्रातल्या पडद्यावर आजही पहिलं नाव रोकियाचंच होतं. कालची पावलं अठरा हजार चारशे. तिच्याखाली लाय पेंग, अकरा हजार.

लाय पेंगने मनगटावरच्या, पावलं मोजणाऱ्या काळ्या पट्ट्यावर टिचकी मारली. पहाटे कालव्याकाठी दोन फेऱ्या, बाजारापर्यंत चालत, परतताना दहा मजले जिन्याने, तरी तिची अकराच. आणि रोकिया? गुडघे धरून लिफ्टमधून उतरणारी बाई!

"या महिन्याचा फोटोही तिचाच लागणार," शेजारच्या खुर्चीतून सेल्वन म्हणाले. "तुम्ही चालता छान हो, लाय पेंग. पण दुसऱ्या नंबरासाठी भिंतीवर खिळाच नाही."

इमारतीच्या तळमजल्यावरच्या या ज्येष्ठांच्या केंद्रात दर शुक्रवारी टॅबवर प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. झोप कशी लागते? भूक? गेल्या आठवड्यात किती दिवस एकटं वाटलं? लाय पेंगने नेहमीसारखं 'एकही नाही' दाबलं आणि तडक लिफ्ट गाठली. ही बाई एवढं चालते तरी कुठे, ते आज बघायचंच होतं.

नवव्या मजल्यावर रोकियाचं दार उघडं होतं, नुसती जाळी लोटलेली. लाय पेंग बाहेरच थबकली.

रोकिया खुर्चीत बसली होती. छताच्या आकड्याला एक जाड स्प्रिंग, स्प्रिंगला लुंगीसारख्या सारोंगची झोळी, झोळीत तिची तीन महिन्यांची नात. रोकियाचा उजवा हात झोळी खाली ओढत होता, सोडत होता, पुन्हा ओढत होता. त्याच मनगटावर काळा पट्टा. पाय जमिनीवर स्वस्थ.

"सापडलीस!" लाय पेंग जाळीतून म्हणाली.

"हळू बोल गं! जाळी नुसती लोटलेली आहे, ये आत."

"बसल्या जागी अठरा हजार? मी इथे रोज उन्हातान्हात तंगडतोड करतेय!"

रोकियाने पट्ट्याकडे पाहिलं, मग झोळीकडे. आणि तिला हसू फुटलं.

"अगं बाई! हे झोके मोजतंय होय? मला वाटलं, माझे घरातले हेलपाटे मोजतंय. सून कामावर गेली की सकाळपासून हेच चालू असतं बघ. जा, सांग खाली. माझं नाव काढून टाका म्हणावं."

लाय पेंगला ते जास्तच झोंबलं. पकडलेल्या माणसाने निदान घाबरावं तरी.

तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला.

"माझी केळी!" रोकिया उठलीच. "धर जरा. थांबवू नकोस, लगेच रडते."

लाय पेंग तिच्या खुर्चीत बसली. झोळीचं कापड ऊबदार होतं. तिने खाली ओढली, सोडली. पुन्हा ओढली. आतून एक इवलीशी मूठ कापडाला टेकली, तिच्या बोटांपाशी. लाय पेंगलाही नात होती, मेलबर्नला. तिचं रडणं तिने फक्त फोनवर ऐकलं होतं.

तिचा पट्टा डाव्या मनगटावर होता. डावा हात मांडीवर तसाच पडून राहिला.

रोकिया तळलेल्या केळ्यांची बशी घेऊन आली. "दे इकडे. तुला तक्रार करायला जायचंय ना?"

लाय पेंगने झोळी किंचित आपल्याकडे ओढून घेतली.

"जाते गं. ही झोपू दे आधी."

रोकियाने वाकून झोळीत पाहिलं. नात केव्हाचीच झोपली होती. तिने आवाज न करता बशी लाय पेंगच्या डाव्या हाताशी ठेवली आणि स्वतःसाठी दुसरी खुर्ची ओढली.