सोवळं पेट्रोल

सरकारी नियमानं बंगळुरातल्या पेट्रोलमध्ये साखर कारखान्यातलं अल्कोहोल मिसळतात, हे दारूबंदी मंडळाच्या गुंडोपंतांनी १९५६ साली पेपरात वाचलं, आणि त्याच दिवशी आपली मोटार शेडमध्ये लावून टाकली.

"अहो, स्वल्प विचार करा, गाडीला काही चढत नाही," त्यांच्या पत्नी कावेरीबाईंनी समजावलं.

"मी व्यासपीठावर दारूला शिव्या घालायच्या आणि माझ्या गाडीनं खाली उभं राहून प्यायची?" पंत कडाडले आणि महिनाभर दुखऱ्या गुडघ्यानं सभांना पायी गेले.

अखेर शहराबाहेर, होसकोट्याच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे निव्वळ पेट्रोलचे दोन डबे मिळाले. ते बैलगाडीत घालून पंत स्वतः राखणीला बसले आणि निघाले. शहराच्या नाक्यावर अबकारी इन्स्पेक्टरनं गाडी थांबवली.

"डब्यांत काय आहे, अण्णा?"

"पेट्रोल! खुशाल तपासा. दारूचा एक थेंब निघाला तर मंडळाचं चिटणीसपद सोडीन!"

इन्स्पेक्टरनं काचेच्या नळीत पेट्रोल घेतलं, त्यात पाणी घालून हलवलं, उजेडात धरून पाहिलं. मग दुसऱ्या डब्याचंही तसंच केलं. बघ्यांची ही गर्दी जमली.

"सरी, बरोबर आहे, अण्णा. खरंच थेंबसुद्धा नाही."

पंतांनी ताठ मानेनं गर्दीवरून नजर फिरवली.


"तर मग चौकीवर चला," इन्स्पेक्टर अदबीनं म्हणाला, "बिनदारूचं पेट्रोल शहरात आणणं गुन्हा आहे."