चहा तासाभरानं

"गोळी कशाबरोबर घेता?" डॉक्टरांनी विचारलं. माझा थायरॉइडचा रिपोर्ट पुन्हा बिघडला होता. मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेले माझे सासरे, अण्णा, ऐटीत म्हणाले, "रोज सकाळी मीच देतो हिला. आल्याच्या चहाबरोबर."

"म्हणूनच गुण येत नाहीये, आजोबा. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यानं. नंतर तासभर चहा नाही."

अण्णांचा चेहरा पडला. सासूबाई गेल्यापासून स्वयंपाकघरात त्यांना तो चहाच काय तो जमला होता. सकाळी मी मरगळलेली उठले की कप पुढे करून म्हणायचे, "घे गं, तरतरी येईल." परतताना रिक्षात मी म्हटलं, "अण्णा, मलाही कुठे ठाऊक होतं?" 

दुसऱ्या दिवशी मी उठले, तर घरात आल्याचा वास नव्हता. टेबलावर मात्र नेहमीसारखे दोन कप, बशा आणि माझी गोळी. माझ्या कपात कोमट पाणी होतं.

"चहा तासाभरानं," अण्णा म्हणाले. "दोघांनाही."

मी गोळी घेतली. समोर अण्णांनी आपल्या कपातलं पाणी बशीत ओतलं, नेहमीसारखी फुंकर घातली आणि भुरका मारला.