पहिलं ऑइल

फळीवर तिचं ऑइल नव्हतं. त्या जागी महागाच्या सिंथेटिक ऑइलचा चकचकीत कॅन होता, आणि कॅनशेजारी हाताची घडी घालून बाप उभा होता.

"माझं ऑइल कुठंय?"

"टॅक्सीवाल्याच्या गाडीत गेलं. हे टाक. चांगलं आहे."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. नव्याने बांधलेल्या इंजिनात पहिलं ऑइल साधंच टाकायचं, हे तिला याच माणसाने शिकवलं होतं. पिस्टनच्या नव्या रिंगा सिलिंडरला थोड्या घासल्या, तरच त्या नीट बसतात. सिंथेटिक फार निसरडं. रिंगा घासतही नाहीत आणि बसतही नाहीत, मग ते इंजिन जन्मभर ऑइल पितं आणि धूर ओकतं. एक गिऱ्हाईक हौसेने असा कॅन घेऊन आलं होतं, तेव्हा बापाने त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. "इंजिन मारायचं असेल तर दुसरीकडे जा. इथं ते काम होत नाही," असं तोंडावर सांगून.

आणि आज पोटच्या पोरीसाठी तोच कॅन.

कारण सगळ्या घराला माहीत होतं. पाचशे किलोमीटरवरच्या एका मोठ्या गॅरेजने तिला हेडमिस्त्री म्हणून बोलावलं होतं आणि ती हो म्हणाली होती. इकडे बापाने तिला न विचारता गॅरेजच्या पाटीवर आपल्या नावाखाली तिचं नाव रंगवून घेतलं होतं. तिचं जायचं ठरलं, त्या दिवशी त्याने स्वतः शिडीवर चढून ते नाव खरवडून काढलं. तेव्हापासून घरात अबोला. जेवताना मीठ हवं असलं तरी निरोप आईमार्फत जायचा, आणि टपालखात्याचं काम करून आई कंटाळली होती.

भंगारातून आणलेल्या गाडीचं इंजिन तिने एकटीने उतरवलं, उघडलं, बांधलं. बाप जाता-येता गाडीला वळसा घालायचा, पण बॉनेटखाली एकदाही डोकावला नाही. आज सामान मागच्या सीटवर होतं. फक्त ऑइल भरायचं आणि निघायचं.

"बाबा, हे टाकल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

"काय होतं? साधं टाकलंस तर हजार किलोमीटरला काढून फेकावं लागेल. हे वर्षभर बघायला नको. मागे वळून बघायचंच नाही ना तुला? मग हेच बरं."

म्हणजे असं आहे तर. अर्ध्या रस्त्यात गाडी धूर सोडेल, पोरगी शेपूट घालून परत येईल, आणि हा पाटी पुन्हा रंगवायला टाकेल. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑइलचं दुकान कोपऱ्यावरच होतं, पण रागावलेल्या माणसाला कोपरा कुठे दिसतो. शिवाय खाण तशी माती. बाप हट्टी, तर लेक त्याच्या वरताण.

तिने कॅन उचलला. "टाकू?"

"टाक."

"धूर निघाला तर तुमच्या नावाने निघेल."

"निघू दे."

झाकण एका झटक्यात निघालं. तिने नरसाळं बसवलं आणि बापाच्या डोळ्याला डोळा भिडवून कॅन तिरका केला. पहिली धार पडेल आणि तो मनगट धरेल, हे ती धरूनच चालली होती. परक्याच्या स्कूटरमध्ये चुकीचं ऑइल पडताना दिसलं, तर भरल्या ताटावरून उठून धावणारा माणूस होता तो.

तो हलला नाही. अंगठ्याच्या नखातला मळ काढत उभा राहिला.

कॅन अर्धा झाला, तरीही नाही. एवढा राग तिला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. नाव खरवडलं, ते तिने गिळलं होतं. पण तिच्या हातून तिचंच इंजिन मरताना हा माणूस नखं कोरत होता. तिने कॅन आणखी तिरका केला आणि ऑइल मनगटावर ओघळलं. डोळे भरून आले होते, ते त्याला दिसू नयेत म्हणून तिने चेहरा दंडाला पुसायला हात वर घेतला.

आणि वास आला.

जड, जुना वास. सिंथेटिकला असा वास नसतो. हा बापाच्या कामाच्या शर्टाचा वास होता, लहानपणापासून ओळखीचा. तिने थेंब बोटांत चोळून पाहिला. मग हातातलं झाकण पाहिलं. त्याचं सील आधीच तुटलेलं होतं. तिने वाकून फळीखाली नजर टाकली. तिथे एका डब्यावर तिच्या साध्या ऑइलचा कॅन उपडा घातला होता, शेवटचा थेंब निथळावा म्हणून.

टॅक्सीवाला वगैरे कुणी आलाच नव्हता. भांडायला सिंथेटिकचा कॅन हवा होता आणि इंजिनात साधं ऑइल. म्हाताऱ्याला दोन्ही हवं होतं.

तिने उरलेला कॅन शेवटपर्यंत रिकामा केला, बॉनेट जरा जास्तच जोरात आपटलं. राग अजून उतरला नव्हता, पण तो कुठे ठेवायचा ते तिला कळेना.

"हे हजार किलोमीटरला बदलावं लागेल," ती फणकारली.

"माहीत आहे," बाप नरसाळं पुसत म्हणाला. "जाऊन येऊन तेवढेच होतात."