पायवाटेबाहेर

बुटाचा ठसा दोन सेंटिमीटर खोल होता. टाचेची बाहेरची कड जास्त दबलेली. भोवतीचा काळा, खरबरीत पापुद्रा बिस्किटासारखा मोडलेला. अर्लीन वाकून पाहत राहिली. वाळूवर सूक्ष्म जीवांनी धरलेली ही साय पुन्हा धरायला पन्नास वर्षं तरी लागणार होती. नोकरीभर तिने तेच मोजलं होतं.

असे सात ठसे होते. वाटेवर साचलेलं पाणी चुकवायला ग्रँट, तिचा नवरा, आडवा गेला होता.

दरीतली ही वाट सपाट. लोक तान्ही मुलं पाठीशी बांधून येतात. तरी अर्लीनला धाप लागली होती. ग्रँट पुढे जाऊन सावलीत बसायचा आणि ती पोचली की उठून चालू लागायचा. विसावा त्याचा व्हायचा, तिचा नाही. एकेचाळीस वर्षं हे असंच.

सोमवारी घर विकायच्या कागदांवर दोघांच्या सह्या व्हायच्या होत्या. मग ऑरेगन राज्यात, त्याच्या भावाशेजारी राहायला जायचं. आठ महिने ती ‘बघू’ म्हणत आली होती, आणि तो त्याला होकार धरून चालला होता.

तिने ठशांचं विचारलं, तर तो बसल्या जागेवरून म्हणाला, "माती आहे ती, अर्लीन. तुझं बाळ नाही."

तेवढ्यात वळणावरून राष्ट्रीय उद्यानाची एक स्वयंसेविका आली. विशीतली पोरगी. ठसे पाहून तिचा चेहरा उतरला. वाट कोणी सोडली, असं तिने विचारलं.

ग्रँटने अर्लीनकडे बोट केलं. "सांभाळून घ्या हिला. कितीदा सांगतो, पण हल्ली लक्षात राहत नाही हिच्या."

पोरीने आवाज मऊ केला. "आजी, ही माती जिवंत असते बरं का." मग तिने सगळं पहिल्यापासून समजावलं. एक आकडा चुकला, तो अर्लीनने जाऊ दिला.

"कळलं ना, आजी?"

"कळलं."

ग्रँट उठून चालायला लागला होता. अर्लीन जागची हलली नाही. आवाजही तिने चढवला नाही.

"सोमवारी मी सही करणार नाही, ग्रँट. ऑरेगनला तू एकटा जा."