कापलेली कड

दुबईजवळच्या अजमानमधली आमची जुनी बिल्डिंग पाडली. तिच्या आठवणींच्या प्रदर्शनासाठी मी गच्चीवरच्या हळदीकुंकवाचा फोटो निवडला आणि डाव्या कडेची आमना कापून टाकली. ती सुदानची, अकरा वर्षं माझी शेजारीण. नव्या बिल्डिंगमध्ये तिलाही आमच्याबरोबर यायचं होतं. एजंट म्हणाला, "फॅमिली चलेगा, आफ्रिकन नहीं." आम्ही साऱ्याजणी गप्प बसलो.

प्रिंट आली. फोटोतल्या बायका कापलेल्या कडेकडे बघत होत्या.

मूळ फोटोत सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे होती. मी दुसरी प्रिंट काढली, मग तिसरी. माना वळलेल्याच. फोटोतली एकटी मी समोर बघत होते.

दुपारी उद्घाटन होतं, म्हणून तीच टांगली.

जुन्या बिल्डिंगमधली रत्नागिरीची जुलेखा फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. "शोभना, आमना कुठाय गो? माझ्या बाजूलाच होती ती."

"फ्रेममध्ये मावली नाही," मी चपलेकडे बघत म्हणाले.

माझी मुलगी इरा शेजारीच होती. तिने माझा पदर ओढला. "ममा, व्हाय आर यू लुकिंग डाउन?"

मी मान वर केली.

इरा माझ्याकडे बघतच नव्हती. ती फोटोकडे बघत होती.