एका पत्र्याचं उद्घाटन

"साहेब, पत्र्यावर नको! खाली फरशीवर फोडा!"

ऋजुता ओरडली तेव्हा प्रमुख पाहुण्यांचा नारळवाला हात वर गेला होता. प्रयोगशाळेत वजन-चाचणीच्या नव्या मशीनचं उद्घाटन होतं. मशीनमध्ये तिने उसाच्या चिपाडापासून बनवलेला छपराचा पत्रा बसवून ठेवला होता. वर्षभर कॉलेजच्या गच्चीवर ऊन-पाऊस सोसलेला तेवढा एकच पत्रा शिल्लक होता. तो किती वजनाला तुटतो, या एका आकड्यासाठी तिची पीएचडी अडली होती.

नारळ आपटला. नारळाला काही झालं नाही. पत्र्याचे दोन तुकडे झाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"उत्तम मशीन आहे," पाहुणे म्हणाले. "लगेच तोडलं."

पाहुणे पेढे खायला गेल्यावर विभागप्रमुख खर्डेकर सरांनी तिच्यापुढे नोंदवही ठेवली. "कारण म्हणून 'नमुना सदोष' लिही."

"सदोष? सर, गारांनीसुद्धा त्याचा टवका उडाला नव्हता!"

"अगं, दुसरा बनव की. वर्ष काय, असं जातं."

"तुमचं जात असेल. माझी फेलोशिप जूनमध्ये संपते."

"सही माझी लागते, ऋजुता. विसरू नकोस."

तिने पेन उघडलं. 'तुटण्याचे कारण' या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते.' मग वही सरांकडे फिरवली.

"तुमच्याच निमंत्रणपत्रिकेतले शब्द आहेत, सर. करा सही."