अर्थाची तार

अर्थ सुटला, तसा सुचित्राबाईंचा आवाज गेला.

मोईनने तार पुन्हा चिमटीत धरली आणि अंगठा दाबला. स्टुलावर बसलेल्या नंदकिशोरकाकांचा चेहरा उजळला.

काकांच्या कानांवर मुलाने पुण्याहून पाठवलेले भलेमोठे हेडफोन होते, खिशात बोटाएवढा प्लेअर, आणि त्या दोघांच्या मधे, रेडिओ-दुरुस्तीच्या काउंटरवर, मोईनने साबणाच्या डबीत बसवलेला अँप्लिफायर. महिनाभर ही जोडी जुळत नव्हती. "काका, हे हेडफोन म्हणजे दांडगा गवळाऊ बैल, अन् तुमचा प्लेअर म्हणजे गोऱ्हा. एका जुवात कसे चालतीन?" मोईन पाटीवर लिहून सांगायचा. नुसत्या प्लेअरवर हेडफोन कुजबुजायचे. मोठ्या डेकचा अँप्लिफायर जोडला, तर काकांच्या कानात जिनिंगची मशीन सुरू झाली. शेवटी दोन चौकोनी सेलवर चालणारा हा डबीतला जमला. एक अर्थाची, म्हणजे अर्थिंगची, तार तेवढी सोल्डर करायची राहिली, आणि आर्णीची लाइट गेली.

"अर्थ सुटला की आवाज जातो," मोईनने पाटीवर लिहिलं होतं.

काका खदखदून हसले होते. "कीर्तनात उलटं असतं रे! अर्थ सुटला तरी आवाज चालूच!"

कान गेल्यापासून काका सगळं ओरडूनच बोलत. दारात सुतळी बॉम्ब फुटला तरी त्यांना पत्ता लागत नसे; थेट कानाशी जोरात वाजलं तरच काय ते ऐकू येई. बायको, सुचित्राबाई, त्याआधीच गेलेली. तिने राममंदिरात केलेल्या कीर्तनाची एकच कॅसेट उरली होती, तीच प्लेअरमध्ये भरून घेतलेली. "तबलजी आलाच नव्हता त्या दिवशी," काकांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. "नुसती पेटी, अन् हिचे टाळ. अन् हे बघ, मधात उठायचं नसतं बरं का!"

मोईन उठला नव्हता. काकांची पाठ रस्त्याकडे होती, दोन्ही कोपरं काउंटरवर, डोळे मिटलेले.

अर्ध्यावर ओढलेल्या शटरवर लाथ बसली.

कापसाची खरेदी अकरा दिवस बंद होती. त्याच्या निषेधात सकाळपासून पोरं बाजार बंद करत फिरत होती. सहासात जण वाकून आत शिरले. पुढे लाल गमछेवाला, हातात बैलगाडीची उभारी, मनगटाएवढं जाड लाकूड.

"काबे, ऐकू येत नाही का तुले? बंद म्हणजे बंद!"

मोईनने प्लेअरच्या काचेकडे, तिच्यावर उरलेल्या मिनिटांकडे पाहिलं. काकांच्या खिशातून ती डोकावत होती. "भाऊ, सात मिनिट. मंग मीच कुलूप लावतो."

"घरात कापूस सडून राह्यला, लेकरायच्या अंगाले खाज सुटली, अन् तू इथं गाणे वाजवून राह्यला?"

"गाणे नाही भाऊ. कीर्तन आहे."

त्याला ती थट्टा वाटली. पहिला तडाखा फळीवर बसला. तीन रेडिओ आणि एक टेप खाली आले, काचा मोईनच्या पायावर सांडल्या. काउंटरला वळसा घालून दुसरा तडाखा त्याच्या पाठीवर.

चिमटी सोडून दोन्ही हात डोक्यावर घेतले असते, तर डोकं वाचलं असतं. मोईनने एकच घेतला. उभारी कोपरावर उतरली आणि तो हात लोंबकळला. मग तो डबीवर ओणवा झाला, छाती काउंटरला टेकवून, आणि पाठ त्यांना दिली.

धप्. धप्.

प्रत्येक घावासरशी अख्खा काउंटर हादरत होता.

"म्हाताऱ्याले हात लावू नका बे!" मागून कोणी तरी ओरडलं.

"लावत नाही. पण त्याच्या डोक्यावरचं ते काढ, पाहू दे त्याले तमाशा." एकाने हेडफोनकडे हात नेला. मोईनने मान वळवून त्या मनगटात दात रुतवले. तो किंचाळला. बूट मोईनच्या बरगडीत बसला, मग तोंडावर. भुवई फुटून रक्त डबीकडे ओघळलं. सर्किटात जाऊ नये म्हणून मोईनने ते हनुवटीने पुसलं. अंगठा पांढराफटक पडला होता. बधिर झाला होता. तार दबलेली आहे की नाही, हे आता त्याला काकांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

चेहरा हसत होता.

धप्. उभारी पुन्हा वर गेली. धप्.

मिटल्या डोळ्यांनीच काकांची मान डोलू लागली. उजव्या हाताची बोटं काउंटरवर ठेका धरू लागली, घावाबरोबर एकेक. पोरांपैकी एकाच्या ते ध्यानात आलं, तो मागे सरकला. गमछेवाल्याच्याही आलं. उभारी डोक्यावर तशीच राहिली.



"अरे मोईन!" काका आनंदाने ओरडले. "हा तबला कुठून आला रे? त्या दिवशी तर तबलजी आलाच नव्हता!"

काकांचं बोट काउंटरच्या वर अधांतरी थांबलं होतं, पुढच्या थापेची वाट पाहत.